वीतभर जोर, हातभर जोर

सकाळी धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीवर दुपारी काळी पिसं पडलेली दिसली की मी समजते, हंगाम सुरू झाला. पिसं कसली, लांब कुठंतरी शेतात पेटवलेल्या उसाच्या पाचटाची राख असते ती. वाऱ्यावर चढून ती कोल्हापूरच्या या कडेपर्यंत येते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीत अलगद उतरते. बोटानं टिपायला गेलं की तिचं काही उरत नाही, बोट तेवढं काळं होतं. शेजारच्या वहिनी वैतागून कपडे आत घेतात. मी ओढणी झटकायच्या आधी थोडा वेळ तिच्याकडं बघत उभी राहते.

मग एकेक खूण येत जाते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर गळ्यात गळा घालून गाणारे दोन-तीन भोंगे, रस्त्यावर पडलेली उसाची टिपरी, नदीपलीकडच्या गुऱ्हाळांवरून येणारा पाकाचा जड, गोड वास. संध्याकाळची हवा या दिवसांत जरा घट्ट होते. कॉलेज सुटल्यावर स्कूटरवरून घरी येताना एखाद्या ट्रॉलीमागं अडकले तर मी पुढं जायची घाई करत नाही. उसाच्या वाढ्यांचे हिरवे शेंडे समोर झुलत असतात, आणि त्यांच्याकडं बघता बघता मला ताणलेली दोरी दिसायला लागते.

ऊस आणि धनुष्य यांचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. पण माझ्या आयुष्यातला एक अख्खा हंगाम एका धनुष्याभोवती गेला. साधं उभं धनुष्य नव्हे. लाकडाच्या दांड्यावर आडवं बसवलेलं, बंदुकीसारखं खांद्याला लावायचं, घोडा दाबला की बाण सुटणारं. त्याला क्रॉसबो म्हणतात. आमच्या गावात त्याला शेवटपर्यंत कुणी एका नावानं हाक मारली नाही. कुणी बंदूक म्हणायचं, कुणी धनुष्य, आणि आव्वा, म्हणजे माझी आई, नुसतं "ते" म्हणायची.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय भौतिकशास्त्र. शिवाजी पेठेत एका घराच्या माडीवर आम्ही काही मुली राहायचो. खिडकीखालच्या बोळात संध्याकाळी पोरं लाठी फिरवायची, दांडपट्टा शिकायची. पट्टा हवेतून फिरताना जो सूं आवाज होतो तो ऐकत मी गणितं सोडवलेली आहेत. एके दिवशी ग्रंथालयातल्या जाड पुस्तकात एक चित्र दिसलं. मध्ययुगातला युरोपातला सैनिक जमिनीला टेकवलेल्या लोखंडी आडव्या धनुष्याची दोरी चाक फिरवून मागं ओढतोय. माणसाच्या हातानं ती ओढलीच जायची नाही, इतकी ताठ. त्याच्याच खाली आजच्या क्रॉसबोचा फोटो होता. बारीक, काळा, टोकांना छोटी चाकं. दोन्हींत जास्त शक्ती कुणात, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. निदान त्या पानावर तरी नव्हतं.

मी तोच प्रश्न प्रकल्पासाठी घेऊन मॅडमकडं गेले. मॅडम मला तीन वर्षं शिकवत होत्या. माझ्या इंग्रजीला न हसणाऱ्या त्या पहिल्या शिक्षिका. त्या म्हणाल्या, "घे. आधुनिक धनुष्य मी मिळवून देते, तिरंदाजी शिकवणारे एक सर ओळखीचे आहेत. पण जुनं कुठून आणशील?"

मी म्हटलं, "माझा भाऊ करील."

माझं गाव मुरगूडपासून जवळ, वेदगंगेच्या काठी. आमचं शेतकरी जैन घर. थोडं पुढं गेलं की कर्नाटक, म्हणून आमच्यात आईला आव्वा आणि थोरल्या भावाला अण्णा. आमचे आप्पा, म्हणजे वडील, मी शाळेत असतानाच गेले. तेव्हा अण्णा अकरावी सायन्सला होता. त्यानं ते वर्ष पुरं केलं नाही. शेत सांभाळलं, घरालगतच रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान टाकलं, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या जोडत, तुटलेले सांधे भरत मला आधी मुरगूडच्या शाळेत आणि मग कोल्हापूरला पाठवलं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. ती पदवी हातात यायच्या आधीच मी ठरवून टाकलं होतं की तिच्यापुढं शिकायचं नाही. जवळच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळत होतं. प्रकल्पाची तोंडी परीक्षा सगळ्यात शेवटी होती, ती झाली की त्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं. एम.एस्सी. मनात होतं, पण अण्णाची पाठ दुखायला लागली होती आणि त्याच्या लग्नाचं बोलणं दर वर्षी पुढच्या वर्षावर जात होतं. त्याच्या खांद्यावरून आता आपण उतरायला हवं, एवढंच मला कळत होतं.

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णानं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. हा विषय निघाला की तो वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून घ्यायचा.

धनुष्याचं मात्र त्याला विलक्षण वेड लागलं. मी दाखवलेलं चित्र त्यानं दुकानाच्या पत्र्यावर चिकटवलं. मोडीत गेलेल्या जीपच्या स्प्रिंगचा एक पाटा कापून, घासून त्याचं धनुष्य केलं. बाभळीचा दांडा तासला. ट्रॉलीतल्या उसावर साखळी आवळायला जे दात्यांचं चाक असतं, ते दोरी मागं ओढायला बसवलं. दोरीसाठी इचलकरंजीहून मागाचं सूत आणलं आणि त्याला पीळ दिला. तिला मेण लावायला हवं होतं, तर आव्वा आडवी आली.

"मधमाशीचं मेण माझ्या घरात न्हाय आणायचं."

"मग काय तुझं तूप लावू व्हय दोरीला?" अण्णा म्हणाला.

"मेणबत्ती घास. आन् ते सोडणार कशावर, ते आधी सांग मला."

आव्वाचा हा प्रश्न आमच्या प्रयोगातला सगळ्यात अवघड प्रश्न होता. दिवस बुडायच्या आत जेवणारं, पाणी गाळून पिणारं आमचं घर, आणि तिच्या पोरीनं परीक्षेला विषय घेतला तो हत्याराचा. तिनं अटी घातल्या. पाखरावर नाही, प्राण्यावर नाही, त्यांच्या चित्रावरसुद्धा नाही. तिरंदाजीच्या सरांनी पुढं आधुनिक धनुष्याबरोबर निशाणाचा म्हणून एक कागद पाठवला होता, त्यावर हरिण छापलेलं होतं. आव्वानं तो उलटा करून त्याच्यावर शेवया वाळत घातल्या.

शेवटी निशाण ठरलं ते वाळू आणि लाकडाच्या भुश्यानं भरलेलं एक पोतं. दुकानामागं इंजिन उचलायला कप्पी होती, तिला ते टांगलं. मागं मातीचा उंच बांध. बाण पोत्यात घुसला की पोतं झोक्यासारखं मागं जायचं. ते किती हललं ते मी मापायचे, आणि बाण किती आत गेला तेही. पण प्रत्येक बाणाआधी आव्वा हातात काठी घेऊन पुढं व्हायची आणि पोत्यावर हलकेच टकटक करायची.

"उठा रं बाबांनू, जरा बाजूला व्हा. पोरीची परीक्षा हाय."

कधी एखादी पाल निघायची, कधी मुंग्यांची रांग. कधी काहीच निघायचं नाही. तरी ती थोडी थांबायची, कान लावल्यासारखं करायची, आणि मगच "हं" म्हणायची. तोवर इकडं अण्णा दात्यांचं चाक फिरवत असायचा. कट्, कट्, कट्. वाकणाऱ्या पाट्याचा तो आवाज आणि आव्वाची टकटक, दोन्ही त्या दुपारच्या उन्हात एकमेकांत मिसळून जायची. शेजारच्या उसाच्या तोडलेल्या फडात बगळे चालत असायचे. हवेत ती काळी पिसं तरंगत असायची.

आज वर्गात शिकवता शिकवता मधेच मला तो वेळ आठवतो. बाण सुटतो तो क्षण आठवत नाही, आठवतो तो त्याआधीचा वेळ. जुन्या काळच्या त्या सैनिकालाही चाक फिरवायला असाच वेळ लागत असणार. साध्या धनुष्याचा तिरंदाज तेवढ्यात कितीतरी बाण सोडून मोकळा व्हायचा, आणि हा खाली वाकून चाक फिरवतोय. त्याच्या मनात त्या वेळी काय येत असेल? घर येत असेल, शेत येत असेल. समोरच्या माणसांजवळ जाऊन काठीनं टकटक करणारी एखादी आव्वा तिथं असती तर लढाया कितपत चालल्या असत्या, कुणास ठाऊक.

पहिल्या काही दिवसांतच गावात बातमी पसरली. अण्णाचा मित्र बंडू पैलवान रोज संध्याकाळी तालमीतून थेट दुकानावर यायला लागला. मान नसलेला, हसरा, मोठ्या आवाजाचा, अण्णाला भरत्या म्हणणारा माणूस. त्यानं पहिल्याच दिवशी चाक बाजूला सारलं आणि दोरी दोन्ही हातांनी ओढून बघितली. चेहरा लाल झाला, दोरी जेमतेम हलली.

"नाद खुळा!" तो खूश होऊन म्हणाला. "ह्येला म्हंत्यात धनुष्य. पर भरत्या, चाकानं लईच सोपं जातंय की रं. आणखी एक पाटा घाल."

"घालू?" अण्णाचे डोळे चमकले.

मी म्हटलं, "अण्णा, कशाला? आहे ते बरं चाललंय."

"आगं, जोर वाढला म्हंजे बाण लांब जाणार. एवढं तर अकरावीपतूर शिकलोय की मी."

ही चूक बहुधा आमच्याच भागात होऊ शकते. आमच्याकडं माणसाची, बैलाची, मिरचीची, सगळ्याची परीक्षा एकाच गोष्टीत होते. घाम किती काढला? ओढताना घाम आला नाही तर ते धनुष्य कसलं? अण्णानं दुसरा पाटा चढवला. आता चाक फिरवायला तो आणि बंडू दोघं लागायचे, आणि दोरी पहिल्याइतकी मागं यायचीच नाही, अलीकडंच अडायची. तो बाण पोत्यावर न सोडता मोकळ्या फडात, लांबवर सोडून बघायचं ठरलं. आव्वा फडातले बगळे हाकलून आली. गावातली बरीच माणसं बांधावर बसली. अण्णानं घोडा दाबला. मोठा दणका झाला, दांडा थरथरला, आणि बाण आधी एका पाट्यानं सोडलेल्या बाणाच्या खुणेच्या बराच अलीकडं, पाचटात जाऊन पडला.

बंडूनं डोळ्यांवर तळवा धरून तिकडं बघितलं.

"वारं आडवं हुतं," बंडू म्हणाला.

"कुठलं वारं?" बांधावरून एक म्हातारा ओरडला. "उसाचं पान हलंना!"

सगळे हसले. अण्णाही हसला, पण त्याचा एक हात त्या दुसऱ्या पाट्यावर होता आणि तो तसाच राहिला. माणसं गेल्यावर त्यानं तो पाटा काढून ठेवला. 

मग एका रविवारी आधुनिक धनुष्य आलं. मॅडमनी ते सरांकडून मागून, गाडीत घालून स्वतः गावापर्यंत आणलं. अण्णानं ते हातात घेतलं आणि त्याच्या चेहऱ्यावर निराशा दिसली. एका हातानं उचलता येईल एवढं हलकं. पट्ट्या कसल्याशा धाग्यांच्या आणि चिकटद्रव्याच्या, लोखंड नावालाही नाही. धनुष्याची दोरी ओढायला हुक लावलेली एक वेगळी साधी दोरी होती, तिनं अण्णानं एकाच दमात ते ताणलं. आधी जड गेलं आणि शेवटी शेवटी टोकांची चाकं फिरली तसं हलकंच होत गेलं.

"एवढंच?" तो म्हणाला. "पोराठोरांचं खेळणं हाय हे."

आव्वानं टकटक केली. बाण सुटला. आवाज असा काही आलाच नाही, कुणीतरी दूर ओढणी झटकल्यासारखं वाटलं. पोतं मागं गेलं. मग अण्णाचं धनुष्य, एका पाट्याचं, वर त्यानं घडवलेला जाड लोखंडी टोकाचा बाण. दणका झाला, पोतं मागं गेलं, आणि ते पहिल्यापेक्षा थोडं जास्तच गेलं.

बंडूनं मांडीवर थाप मारली. "जितलो! भरत्या, जितलो की रं! बघा मॅडम, आमचं पोतं जास्त हललं."

मॅडम माझ्याकडं बघून नुसत्या हसल्या. मला माहीत होतं की त्या माझ्या बोलण्याची वाट बघतायत. मला त्या वेळी बोलावंसं वाटत नव्हतं. अण्णा मात्र तोवर पोत्याजवळ पोचला होता. त्याचा बाण अर्धा बाहेर होता. आधुनिक धनुष्याचा बाण त्याला पटकन सापडेचना, कारण तो पार पिसांपर्यंत आत गेला होता. त्यानं तो हळूहळू उपसून काढला. मग दोन्ही बाण शेजारी धरून त्यांना लागलेल्या भुश्याच्या खुणा बोटानं मापल्या, आणि माझ्याकडं वळला.

"पद्मे, माझं ओढायला किती पटीनं जड हाय?"

"कितीतरी पटीनं."

"मग माझा जोर गेला कुठं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. तीन वर्षं मी तेच शिकत होते. मी त्याच्याशेजारी ट्रॉलीच्या दांडीवर बसले आणि सांगायला लागले. पोतं हललं ते बाणाच्या जडपणामुळं. तुझा बाण रेड्यासारखा जड आणि सावकाश आला, म्हणून धक्का मोठा बसला. त्यांचा बाण हलका, पण कितीतरी वेगात आला, आणि वेगातली शक्ती आत घुसण्यात दिसते. बारीक असल्याचाही त्याला थोडा फायदा झाला. पण मोठं कारण दुसरंच आहे. तुझी दोरी बाणाला ढकलते ती जेमतेम वीतभर. तेवढ्यात ती थांबते आणि बाण एकटा पुढं जातो. त्यांची दोरी हातभर बाणाच्या मागं राहते. बंद पडलेल्या जीपला एकच दणका दिलास तर ती जागच्या जागी हलेल. कमी जोर लाव, पण तिच्यामागं पळत ढकलत राहा, ती सुरू होईल.

"आन् लोखंड?"

"लोखंड जड आहे. सुटताना पाट्याला आधी स्वतःलाच सरळ व्हावं लागतं. बराचसा जोर त्यातच जातो."

अण्णानं बाणाच्या टोकावरचा भुसा अंगठ्यानं पुसला. मग म्हणाला, "म्हंजे निम्मा जोर सोताला हलवण्यातच गेला म्हण की."

मॅडम आव्वाबरोबर चहा प्यायला आत गेल्या होत्या. बंडूनंही पहिल्यांदाच आवाज न करता चप्पल घातली आणि तो निघून गेला. मी अण्णाकडं बघत होते. भाजलेल्या ठिपक्यांनी भरलेले त्याचे हात, दुखऱ्या पाठीवर दाबून धरलेला एक तळवा. मला वाटलं, हा धनुष्याबद्दल बोलत नाहीये. इतकी वर्षं ह्यानं चाक फिरवलं आणि ह्याच्या वाट्याला काय आलं? परीक्षा झाली की कारखान्यावर जायचं, हे मी त्या संध्याकाळी मनात आणखी घट्ट केलं. गुऱ्हाळाचा वास येत होता. इतका गोड वास कधी कधी सहन होत नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी त्या वर्षीचा लांबलेला हंगाम सरत आला होता. अण्णा पांढरा शर्ट घालून, धनुष्य पोत्यात गुंडाळून, मित्राच्या पिकअपमधून कोल्हापूरला आला. कॉलेजच्या पायऱ्यांवर त्यानं चप्पल काढायला पाय मागं घेतला. मी दंड धरून त्याला तसाच आत नेलं. बाहेरून आलेले परीक्षक उंच, शांत, चष्म्यातून वर बघणारे होते. त्यांनी दोन्ही धनुष्यं उलटसुलट करून बघितली, माझी मापं बघितली, आणि बराच वेळ प्रश्न विचारले. माझ्या इंग्रजीची गाडी दोनदा अडली, दोन्ही वेळा मी मराठीत बोलून पुढं गेले. मग त्यांनी लोखंडी पाट्यावर टिचकी मारली.

"ह्यात सुधारणा करायची असती तर काय केलं असतं? आणखी एक पाटा घातला असता?"

अण्णा एवढ्या मोठ्यानं हसला की शेजारच्या टेबलावरच्या मुली वळून बघायला लागल्या. परीक्षकही हसले, पण का ते त्यांना कळलं नसावं.

"नाही सर," मी म्हटलं. "पाटा हलका केला असता, आणि दोरी आणखी मागं येऊ दिली असती. बाणाला सोडायची घाई केली नसती. दोरी जितकी जास्त त्याच्या मागं राहील तितकं चांगलं."

त्यांनी मान हलवली. मग अण्णाकडं वळून विचारलं, "हे तुम्ही घडवलंत?"

"व्हय."

"शिक्षण?"

"अकरावी सायन्स," अण्णा म्हणाला. सायन्स शब्दावर त्यानं जोर दिला. "त्येच्या फुडचं ही शिकली."

ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहिली नोकरी लागली तेव्हा सत्कारात मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं, तेव्हाही नाही. तिथं मी सगळ्यांचे आभार मानले, शाळेचे, मॅडमचे, गावाचे. हे वाक्य तेवढं राहून गेलं.

परतताना कागलच्या अलीकडं आम्ही उसाच्या रसाच्या गाड्याजवळ थांबलो. घुंगरू लावलेला चरक फिरत होता. अण्णानं दोन ग्लास घेतले, एक माझ्या हातात दिला आणि रस्त्याकडं बघत विचारलं, "कारखान्यात कवा हजर व्हायचं म्हणालतीस?"

"सोमवारी."

"जाऊ नगं."

"अण्णा, हे ठरलंय."

"कुणी ठरवलं? मला कुणी इचारलं?"

"तू बोलत कुठं होतास? काच ओढून बसायचास."

"मला बोलायला सुचत नव्हतं. आता सुचलंय." त्यानं ग्लास गाड्यावर आपटल्यासारखा ठेवला. "त्या परीक्षकाला एवढं शिकवलंस, दोरी मागं राहू द्या, बाणाला घाई नगं. आन् तू सोता वीतभरावर सुटून चाललीस? ही कसली परीक्षा दिलीस गं?"

"तू दमलायस अण्णा. मला दिसतं."

"दमलो म्हणून मी सांगितलं तुला? का पाठीनं सांगितलं?"

"तुझं लग्न..."

"माझं लग्न तुझ्यामुळं न्हाय, माझ्या तोंडामुळं अडलंय. आव्वाला इचार." रसवाला हसायला लागला, तर अण्णा त्याच्यावरच ओरडला, "तू चरक फिरीव की गप!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या दिवशी पोत्यापाशी मला लई वाईट वाटलं. वाटलं, आपला जोर असाच गेला, लोखंडात. आज तिथं तू बोलायलीस, ती समदी माणसं ऐकायलीत, तवा कळलं कुठं गेला ते. आता मधीच हात काढून घ्यायला सांगू नगंस. मला जमणार न्हाय."

मी रस्त्याकडं तोंड केलं. उसाची एक ट्रॉली धुरळा उडवत गेली आणि मला बरं झालं, कारण डोळ्यांत पाणी यायला तेवढं निमित्त पुरलं. अण्णानं माझा अर्धा राहिलेला रस उचलून पिऊन टाकला, रसवाल्याला पैसे दिले आणि पिकअपमध्ये जाऊन बसला.

सोमवारी सकाळी मी अंगणात बसले होते. जायची साडी दांडीवर घडी घालून ठेवलेली होती. तिला मी हात लावलेला नव्हता, आणि ती कुणी आत नेऊनही ठेवली नव्हती. आव्वा चुलीपाशी होती, अण्णा दुकानाचं शटर वर सारत होता. तेवढ्यात नदीपलीकडं कारखान्याचा पाळीचा भोंगा झाला. लांब, भरदार, गावभर पसरत जाणारा. आव्वानं हातातलं काम थांबवलं. अण्णाचं अर्धं वर गेलेलं शटर तिथंच राहिलं. दोघंही माझ्याकडं बघत नव्हती, तरी दोघंही माझीच वाट बघत होती.

भोंगा वाजत राहिला, बारीक होत गेला आणि थांबला.

मी बसून होते.

मग शटर खडखडत पूर्ण वर गेलं.